तंतुवाद्यासाठी सरस कोणता निवडावा?

(पळस्पे येथील ज्ञातिमेळाव्यात श्रीविश्वकर्मा जयंतीच्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली. या व्यासपीठावरून दरवर्षी मुलांचे शिक्षण, लग्नातील खर्च, वसतिगृहाचा निधी या विषयांवर भाषणे होतात आणि ती व्हावयासच हवीत. परंतु आज माघ शुद्ध त्रयोदशी आहे. आज घरोघर वाकस, पटाशी, रंधा, करवत, गुण्या आणि सामता पाटावर मांडून आपण त्यांस गंधफूल वाहिले. ही मांडणी आम्ही लहानपणापासून पाहत आलो. तीत एक वस्तू मात्र आम्हांस कधीच दिसली नाही. ती वस्तू म्हणजे सरसाचे भांडे. ज्याच्यावाचून आमच्या तीर्थरूपांचे निम्मे काम अडून राहिले असते, ते भांडे पूजेच्या दिवशीही घराच्या मागील दारी, तीन दगडांच्या चुलीपाशी पडलेले असे. आमच्या मातोश्री त्याला माजघरात येऊ देत नसत. आज त्या भांड्याविषयी आणि त्यातल्या त्यात तंतुवाद्यांना कोणता सरस योग्य, याविषयी चार शब्द बोलावे असा आमचा मानस आहे.

आपणांपैकी काही जण मनात म्हणतील, की आपण घरे बांधणारे, दारे-खिडक्या करणारे, गाड्या घडविणारे लोक. वीणा-तंबोऱ्याशी आपला काय संबंध? शंका रास्त आहे. पनवेलच्या बैलगाड्यांची आणि चाकांची एके काळी घाटावरही ख्याती होती. त्या चाकात सरसाचा एक थेंबही नसे. तुंब्यात आरे ठोकावयाचे, आऱ्यांवर पाटे बसवावयाचे, आणि तापवून लाल केलेली लोखंडी धाव वरून चढवून तिच्यावर पाणी ओतावयाचे. धाव थंड होताना आवळते आणि सारे लाकूड एकजीव करते. पण तुंबा हा शब्द आपण भोपळ्यालाही लावतो, आणि वीणेच्या भोपळ्याला धाव चढविता येत नाही, खिळाही मारता येत नाही. तेथे लाकूड बोटाच्या पेराहूनही पातळ असते, आणि खिळा मारला की नाद बिघडतो किंवा लाकूड फाटते. तेथे जोडाचा सारा भार सरसावर असतो. म्हणून सरसाची खरी परीक्षा व्हावयाची ती तंतुवाद्यातच होते.

आम्हांस हा विषय सुचला तो एका चुकीमुळे, आणि ती चूक आमची स्वतःची आहे. ती आधी सांगतो, म्हणजे पुढील विवेचनाचे कारण ध्यानी येईल.

काही वर्षांपूर्वीच्या श्रावणात गावच्या देवळात अखंड हरिनाम सप्ताह बसला होता. सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत, हे आपण जाणताच. एका पहारेकऱ्याच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि सात दिवस भूमीला टेकत नाही. तिसऱ्या रात्री मुसळधार पाऊस चालू असता वीणेचा भोपळा आणि दांडी यांचा जोड उकलू लागला. ज्यांच्या गळ्यात वीणा होती, त्यांनी ती तशीच हाताने दाबून धरली. शेजारच्या गावाहून दुसरी वीणा येईपर्यंत दीड तास ते गृहस्थ एका जागी उभे होते. सप्ताह उठल्यावर मंडळी आमच्याकडे आली. म्हणाली, “मास्तर, तुम्ही सुताराचे. आता तुम्हीच बघा.”

आम्ही नोकरी शिक्षकाची केली असली, तरी हत्यारे घरात होती आणि अभिमानही होता. आम्ही बाजारातील पांढरा गोंद आणला. जोडात भरपूर भरला, सुतळीने आवळून बांधला आणि तीन दिवसांनी वीणा देवळात नेऊन दिली. जोड असा पक्का झाला, की दोघांनी ओढूनही हलला नसता. मंडळींनी नारळ देऊन आमचा सत्कार केला आणि तो आम्ही संकोच न करता स्वीकारला.

दुसऱ्या वर्षी चैत्रात ती वीणा फुटली. जोड सुटला नाही. जोडाच्या शेजारी भोपळाच चरकन उभा तडकला. दोन पिढ्यांपूर्वी गावाने वर्गणी काढून आणलेला तो भोपळा होता. आम्ही वीणा घोंगडीत गुंडाळली आणि मिरज गाठली.

मिरजेचे नाव तंतुवाद्यांच्या संबंधात का घेतात, हे येथे थोडक्यात सांगणे जरूर आहे. पटवर्धनांच्या संस्थानात शस्त्रांना पाणी देणारी, धार लावणारी शिकलगार मंडळी होती. शस्त्रांचे दिवस सरले, तेव्हा त्यांच्यापैकी फरीदसाहेब आणि मोहिउद्दीनसाहेब या दोघांनी इ. स. १८५० च्या सुमारास तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला असे मानले जाते. पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखे गायक मिरजेत राहिले. त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर पलुसकर तेथेच शिकले. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले आणि १९३७ साली त्यांचे देहावसान झाल्यावर तेथील मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना चिरविश्रांती मिळाली. असे गवय्ये दारात असल्यामुळे कारागिरांचा कान तयार झाला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतकऱ्यांनी पिकविलेले मोठे कडू भोपळे आणि तुणीचे लाकूड यांपासून तेथे तंबोरे व सतारी होतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपणा सर्व कारागीर जातींना भूषणावह गोष्ट आहे.

तेथील एका वृद्ध कारागिरासमोर आम्ही वीणा ठेवली. त्यांनी जोडावरून अंगठा फिरविला, नाक जवळ नेले, आणि म्हणाले, “गुरुजी, जोड फार पक्का केलात. म्हणूनच वीणा फुटली.”

आम्ही गोंधळलो. तेव्हा त्यांनी त्याच वीणेचा दुसरा एक जुना जोड दाखविला, ज्याला आम्ही हात लावला नव्हता. गरम पाण्यात बुडविलेली चिंधी त्यावर ठेवली, पातळ सुरीचे पाते तापवून फटीत हळूहळू सरकविले. थोड्याच वेळात दोन्ही लाकडे अलग झाली. एक ढलपीही निघाली नाही. मग त्यांनी आमचा जोड घेतला. तो उष्णतेने रबरासारखा मऊ झाला, पण सुटताना लाकडाचे तंतू ओरबाडून घेऊन सुटला. वर जो पांढुरका पापुद्रा राहिला, त्यावर सरस धरेना. तो खरवडताना दांडीचे टोक इतके झिजले, की तेथे नवा तुकडा घालावा लागला. भोपळा तर गेलाच होता. वीणा दुरुस्त होऊन आली. आज ती देवळात आहे. पण ज्यांनी जुना नाद ऐकला आहे, ते वृद्ध लोक म्हणतात, की ही वीणा ती नव्हे. त्यांचे म्हणणे आम्हांस खोडून काढता येत नाही.

त्या कारागिराच्या एका वाक्याने आम्हांस पुढे पुष्कळ वाचावयास आणि करून पाहावयास लावले. त्यातून जे हाती आले, ते आता क्रमाने सांगतो.

प्रथम सरस म्हणजे काय ते पाहू. जनावराच्या कातड्यात कोलॅजेन नावाचे एक द्रव्य असते. त्याचे सूक्ष्म तंतू तिपेडी दोरीसारखे वळलेले असतात. कच्चे कातडे व त्याची छाटणी चुन्याच्या पाण्यात मुरवून, धुऊन, मंद आचेवर पाण्यात शिजविली म्हणजे या दोऱ्यांचा पीळ सुटतो आणि त्या पाण्यात उतरतात. ते पाणी गाळून, आटवून, गोठवून वाळविले की झाला सरस. पहिल्या पाण्याचा सरस सर्वांत बळकट. त्याच कातड्यावर पुनःपुन्हा पाणी घालून काढलेला उत्तरोत्तर हिणकस. हाडांपासूनही सरस निघतो, पण त्यातील धागे आखूड असतात, म्हणून तो कातड्याच्या सरसापेक्षा दुबळा असतो. कमावलेल्या चामड्यापासून मात्र सरस सहजासहजी निघत नाही, कारण कमावणे म्हणजेच हे तंतू पक्के बांधून टाकणे होय.

हा सरस ऊन करून लाकडाला लावला, की थंड होताना धाग्यांना पुन्हा काहीसा पीळ पडतो आणि तो दह्याच्या कवडीसारखा गोठतो. मग त्यातील पाणी लाकडात व हवेत जाते, सरस आकसतो आणि दोन्ही लाकडांना एकमेकांकडे ओढून घेतो. वाळल्यावर तो काचेसारखा कडक होतो. तारांचा ताण रात्रंदिवस असला, तरी तो पांढऱ्या गोंदासारखा सावकाश सरकत नाही. आणि त्याला पुन्हा ऊब व ओल दिली, की पीळ सुटतो आणि जोड उकलतो. शिवाय जुन्या सरसाच्या अंशावर नवा सरस धरतो, कारण दोघांचे द्रव्य एकच असते. आमच्या पांढऱ्या गोंदात हाच गुण नव्हता.

ही विद्या फार जुनी आहे. मिसर देशात थीब्झ येथे रेखमिरे नावाच्या अधिकाऱ्याच्या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यातील भित्तिचित्रांत सुतार काम करीत आहेत आणि सरसाचे भांडे विस्तवावर आहे, असे दृश्य आहे. आपल्याकडे वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत वज्रलेपाच्या कृती दिल्या आहेत. त्यांपैकी एकीत गाय, म्हैस व बोकड यांची शिंगे, म्हशीचे कातडे, कडुनिंब व कवठ यांचे रस सांगितले आहेत. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११३० च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लासात तर म्हशीचे कातडे पाण्यात लोण्यासारखे मऊ होईपर्यंत शिजवून, त्याच्या कांड्या करून उन्हात वाळवाव्यात, असे स्पष्ट लिहिले आहे. वज्रलेप हा शब्द आज आपण देवाच्या मूर्तीच्या संदर्भात ऐकतो. जुन्या ग्रंथांत तो म्हशीच्या कातड्याशी जोडलेला आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता निवडीकडे वळू. बाजारात सरस मागितला, की दुकानदार जो देईल तो घ्यावयाचा, ही आपली रीत. परदेशात सरसाची बळकटी ग्रॅमवर मोजतात. ठरावीक प्रमाणातील द्रावण १० अंश सेल्सियसला गोठवून, अर्ध्या इंच व्यासाचा दांडा त्यात ४ मिलिमीटर आत ढकलण्यास किती ग्रॅम भार लागतो, ते पाहतात. यासाठीचे यंत्र ऑस्कर ब्लूम या अमेरिकन गृहस्थांच्या नावाने ओळखले जाते. त्याचे पेटंट १९२५ सालचे आहे. व्हायोलिन आणि गिटार बनविणारे लोक बहुधा १९२ ते २५१ ग्रॅमचा सरस घेतात. ३१५ ग्रॅमचाही मिळतो. अंक मोठा तितका सरस उत्तम, असे वाटणे साहजिक आहे; आम्हांसही तसेच वाटले होते. परंतु जास्त ग्रॅमचा सरस पाणी जास्त मागतो, झटकन गोठतो आणि आकसतानाही जोराने आकसतो. कडक सरस काचेवर लावून वाळविला, तर तो काचेचे टवके काढतो; काचेवर नक्षी उठविण्याची ही एक जुनी रीतच आहे. जो काचेस सोडीत नाही, तो पातळ तबलीस काय सोडणार?

ज्या बंधूंना अंक छापलेला सरस मिळत नाही, त्यांनी निराश होऊ नये. परीक्षा घरीही करता येते. सरसाचा तुकडा मोडून पाहावा. चांगला सरस काचेसारखा कडकन तुटतो आणि कडा धारदार निघतात. तुकडा रात्रभर थंड पाण्यात ठेवावा. चांगला सरस पाणी पिऊन फुगतो, पण विरघळत नाही; सकाळी तो अखंड उचलता येतो. पाणी गढूळ झाले आणि तुकडा चिखलासारखा झाला, तर तो सरस वाद्यासाठी घेऊ नये. वास कातड्याचा असावा, कुजका नसावा. दोन दुकानांचे सरस असतील, तर दोन्ही सारख्या वजनाचे घेऊन सारख्याच पाण्यात भिजवावे, सारखेच तापवावे आणि एकाच वेळी थंड होऊ द्यावे. सकाळी दोन्हींवर बोट दाबावे. जो जास्त ताठ, त्याची बळकटी जास्त. शाळेत शास्त्र शिकविताना आम्ही याहून अवघड प्रयोग करीत असू. हा तर घरातील स्त्रियाही सहज करतील.

शिजविण्याची रीत निवडीइतकीच महत्त्वाची आहे. एक भाग सरस आणि पावणेदोन ते दोन भाग थंड पाणी, वजनाने घ्यावे. पूर्ण भिजल्यावर ते भांडे दुसऱ्या, पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवून तापवावे. उष्णता ६० अंशांच्या आसपास राहावी. बोट क्षणभर टेकविता येते, पण ठेववत नाही, इतपत. सरस कधीही उकळू नये. ७० अंशांपलीकडे त्याचे धागे तुटू लागतात आणि उत्तम सरसाचा हिणकस सरस होतो. काडीवरून गळताना त्याची धार उन्ह काकवीसारखी अखंड पडावी. थेंबथेंब पडला तर दाट झाला, पाण्यासारखा पळाला तर पातळ झाला. रोज नव्याने थोडाच करावा. आमचे तीर्थरूप आठवडाभर तेच भांडे चुलीवर चढवीत आणि शेवटी जोड धरेना, की लाकडाला दोष देत. दोष लाकडाचा नव्हता, हे आम्हांस पन्नास वर्षांनी कळले.

आता खरी गोष्ट. एका वाद्यात सर्व जोडांना एकच सरस चालत नाही. दांडी आणि गळा यांचा जोड तारांचा ताण सोसतो. तेथे २५१ ग्रॅमसारखा बळकट सरस, नेहमीच्या दाटपणाचा, लाकूड किंचित शेकून लावावा. पण भोपळ्यावर बसणारी तबली वेगळी. व्हायोलिनकार पुढील फळी बसविताना सरस मुद्दाम पातळ करून लावतात. हवा कोरडी पडली, लाकूड आकसले आणि कोठेतरी सुटणे भाग पडले, तर जोड सुटावा, फळी फुटू नये, हा त्यामागील हेतू असतो. सुटलेला जोड तासाभरात पुन्हा बसतो. फुटलेली फळी जन्माची अधू होते. हाच न्याय आपल्या वीणेच्या आणि तंबोऱ्याच्या तबलीस लावावा. क्रेमोना येथील स्ट्राडिव्हारी १७३७ साली वारले. त्यांच्या व्हायोलिनांपैकी जवळजवळ सर्वांच्या माना पुढील काळात काढून नव्या, लांब माना बसविल्या गेल्या, कित्येकांच्या फळ्या अनेकदा उघडून आतील दुरुस्ती झाली. तरी ती वाद्ये आजही मैफलींत वाजतात. सरस पुन्हा सुटतो म्हणून हे साधले. सरस निवडणे याचा अर्थ आम्ही असा समजतो, की लाकडाआधी कोठे आणि कसे सुटावे, हे कारागिराने अगोदर ठरवून ठेवणे. जोड लाकडाहून बळकट झाला, की पुढचा तडा लाकडातच जावयाचा.

मिरजेचा हिशेब पळस्प्यास जशाचा तसा लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. मिरजेची हवा कोरडी. आपल्याकडे आषाढ-श्रावणात हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाते. ओल्या हवेत सरस पाणी ओढतो, मऊ पडतो, त्यावर बुरशी येते, झुरळे आणि उंदीर तो खातात. म्हणून आपल्याकडे जोडकाम दिवाळीनंतर करावे आणि शिमग्यापूर्वी आटोपावे. फार उकाड्यात सरस लवकर गोठत नाही. त्यामुळे हात फिरविण्यास वेळ मिळतो हे खरे, पण तेवढाच वेळ जोड आवळून ठेवावा लागतो. एक दिवसरात्र आवळलेला जोड सोडू नये आणि तारा तर आठवड्यापूर्वी चढवू नयेत. जोडाच्या बाहेरील अंगास चपडा लाखेचा हात द्यावा, म्हणजे ओल आत जाण्यास अडथळा होतो. पावसाळ्यात वीणा भिंतीला टेकवून ठेवू नये. सुती गवसणीत घालून, जमिनीपासून उंच, जेथे हवा खेळते अशा ठिकाणी टांगावी. एवढे करूनही एखाद्या श्रावणात जोड उकलेल. उकलू द्यावा. तो पुन्हा बसविता येतो.

पांढऱ्या गोंदाशी आमचे वैर नाही. फेविकॉल १९५९ साली बाजारात आला आणि त्याने आपल्या समाजाचे फार कष्ट वाचविले. चूल पेटवावी लागत नाही, दुर्गंधी येत नाही, पावसाळ्यातही कपाटे होतात. आपल्या कित्येक कुटुंबांची भाकरी त्यावर चालली आहे. कपाट पुन्हा उघडावयाचे नसते. तेथे तो खुशाल वापरावा. पण वाद्य हे दुरुस्त होत होतच म्हातारे होते. तेथे आज आपण जोडतो, तो उद्या दुसऱ्याने सोडवावयाचा असतो, आणि तो दुसरा आपला नातूही असू शकेल.

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळतो. मिरजेहून परत आल्यावर आम्ही देवळात सारी हकीकत सांगितली, तेव्हा एका माळकरी आजोबांनी विचारले, “म्हणजे मास्तर, वीणेत चामडे आहे म्हणा की! मग ती गळ्यात घालून गाभाऱ्यापुढे उभे राहावे कसे?” प्रश्न मनापासूनचा होता. आम्ही त्यांस म्हटले, “आजोबा, वीणेशेजारी मृदंग उभा असतो. त्याच्या दोन्ही तोंडांना चामडे आहे, आणि ते आपणांस दिसते. वीणेतले दिसत नाही, एवढाच भेद.” आजोबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पांडुरंगाला दिसतच असेल की.” पुढच्या सप्ताहात पहिला पहारा त्यांनीच घेतला.

त्यांचे समाधान झाले. आमचे मात्र पूर्ण झाले नाही. आमचे तीर्थरूप सरस आणावयास जात, तेव्हा आम्ही बरोबर असू. कातडे सोलणारे, धुणारे, चुन्यात मुरविणारे, शिजविणारे हात कोणाचे होते, हे त्यांस ठाऊक होते आणि आम्हांसही. त्या हातांनी केलेला सरस आम्ही घेतला, त्यावर पालख्या जोडल्या, देव्हारे जोडले, आणि त्या हातांना मात्र आम्ही ओट्यावर चढू दिले नाही. दिलेले पैसे वरून त्यांच्या ओंजळीत टाकले जात, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. ज्ञातीच्या व्यासपीठावर ज्ञातीची थोरवी गावी, हा शिरस्ता आहे. पण जे पाहिले ते न सांगणे शिक्षकाच्या पेशाला शोभत नाही. एका वीणेत भोपळा शेतकऱ्याचा, घडण शिकलगाराची, कातडे चर्मकार-खाटिकाच्या हातचे, गवसणी शिंप्याची आणि अभंग सर्व जातींच्या संतांचे असतात. त्यांतील एकही काढून घेतला, तर वीणा वाजत नाही. आपण सुतारांनी हे इतरांआधी ओळखावयास हवे होते, कारण जोडकाम हाच आपला धंदा.

शेवटी मंडळापुढे तीन विनंत्या ठेवून आम्ही भाषण संपवितो. पहिली, की दिवाळीनंतरच्या रविवारी मंडळाच्या जागेत सरस शिजविण्याचे आणि जोड उकलण्याचे शिक्षण ज्या मुलामुलींना हवे असेल त्यांना द्यावे. आमच्या आयुष्याची जी वर्षे उरली असतील, त्यांत आम्ही ते विनामूल्य शिकवू. इतर जातींची मुले आली, तर त्यांसही बसू द्यावे. दुसरी, की आपल्यापैकी जो कोणी वीणा किंवा तंबोरा दुरुस्त करील, त्याने कोणता सरस, कोणत्या महिन्यात, कोणत्या जोडास लावला, याची चिठी वाद्याच्या गवसणीत ठेवावी. आम्ही लावलेल्या पांढऱ्या गोंदाची अशी चिठी असती, तर मिरजेच्या कारागिराचे श्रम तरी वाचले असते.

तिसरी विनंती लहान आहे. आमच्या घरी तीर्थरूपांचे सरसाचे भांडे अजून आहे. त्याचा तळ काळा पडला आहे आणि काठावर जुना सरस वाळून चिकटलेला आहे. आज सकाळी आम्ही ते घासले नाही. तसेच उचलून पटाशी आणि रंध्याच्या मध्ये पाटावर ठेवले आणि त्यास गंध लावले. पुढील वर्षी आपापल्या घरी आपणही ते करावे.